प्रथम वर्षाचं उद्बोधन तीन दिवस आहे: रोज जायलाच हवं का, आणि सोबत काय न्यायचं?

आडिवरे_ते_रत्नागिरी

रत्नागिरीत बी.एस्सी. प्रथम वर्षाला प्रवेश झाला आहे. फी भरून झाली, पावती हातात आहे. आता महाविद्यालयाचा मेसेज आलाय की पुढच्या आठवड्यात तीन दिवस उद्बोधन वर्ग, सकाळी साडेनऊपासून, पहिल्या दिवशी पालकांसह. मी आडिवऱ्याहून पावसमार्गे एसटीने येणार. परतीची थेट शेवटची गाडी सव्वापाचची आहे.

माझे प्रश्न असे. तिन्ही दिवस हजेरी लागते का, की पहिला दिवस पुरे? मूळ कागद न्यायचे की झेरॉक्स? ओपन इलेक्टिव्ह, मायनर वगैरे विषय त्याच दिवसांत ठरवायचे असतात असं ऐकलंय, ते कसे निवडायचे? बाबा मुंबईला असतात, आई येईल, पण आधारला मोबाईल नंबर बाबांचा आहे. त्याने काही अडेल का? आणि एसटीचा पास नसताना हे तीन दिवस कसं करायचं? मला १८ पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत.

---

खिडकी_क्रमांक_२

तिन्ही दिवस ये. भाषणं चुकली तर फारसं बिघडत नाही, पण याच तीन दिवसांत कार्यालय नवीन मुलांची कागदपत्रं एकगठ्ठा तपासतं. तो गठ्ठा पुढे गेला की एकट्या मुलासाठी पुन्हा सोडायला कुणाला वेळ नसतो. नंतर येणारा मुलगा तीच गोष्ट चार फेऱ्यांत करतो, आणि तुझी एक फेरी म्हणजे अख्खा दिवस.

आधारचा प्रश्न आधी घेते, कारण तुझं अडणार असेल तर तिथेच. महाविद्यालयात तुला अपार किंवा एबीसी क्रमांक मागतील. हा १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरमध्ये दिसतो आणि पुढे तुझी सगळी क्रेडिट्स (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) त्यावर जमा होतात. डिजिलॉकर उघडायला आधारचा ओटीपी लागतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करतानाही आधारचा ओटीपी. तो बाबांच्या फोनवर जाणार, बाबा कामावर असणार, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांत संपणार. कोकणात बऱ्याच मुलांचे अर्ज इथेच लटकतात, कारण आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाईल होता आणि तो चाकरमान्याच्या खिशात होता. म्हणून उद्बोधनाच्या आधीच जवळच्या आधार केंद्रात किंवा आधारची सोय असलेल्या पोस्टात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घे. नंबर बदलायला कागद लागत नाही, तू स्वतः हजर हवीस, बोटांचे ठसे घेतात. नंबर लागायला काही दिवस जातात, तेव्हा आज-उद्या करत बसू नकोस. तोवर बाबांना सांगून ठेव की अमुक दिवशी अमुक वेळेला फोन जवळ ठेवा.

अकरावी-बारावीत शाळेने तुझा अपार आधीच काढलेला असू शकतो. डिजिलॉकरमध्ये आधी बघ. असेल तर तोच द्यायचा, नवीन काढायचा नाही. एका मुलाचे दोन क्रमांक झाले की क्रेडिट भलतीकडे जातात आणि निस्तरायला फार वेळ लागतो. काढलेला नसेल तर १८ पूर्ण नसल्यामुळे पालकाचं संमतीपत्र लागेल. आई सोबत येणारच आहे, तिचं आधार घेऊन ये.

आता नाव. दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँक पासबुक, ही पाच कागदं टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर ताडून बघ. सावंत, वाडेकर यांत एकीकडे 'व्ही' आणि दुसरीकडे 'डब्ल्यू' हे नेहमीचं. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि आधारवर नुसतं आद्याक्षर, हेही नेहमीचंच. आडनाव आधी की नाव आधी, या क्रमाने सहसा अडत नाही. अक्षर बदललं की अडतं. चूक आधारमध्ये असेल तर मार्कशीट दाखवून आधार दुरुस्त करायचं, ते तुलनेने सोपं. चूक मार्कशीटमध्येच असेल तर तुझ्या बारावीच्या महाविद्यालयामार्फत मंडळाच्या कोकण विभागीय कार्यालयाकडे अर्ज जातो. ते कार्यालय रत्नागिरीतच आहे, एवढी तुझी सोय. विद्यापीठाकडे नावनोंदणी जाण्याआधी हे झालं तर पदवीच्या कागदापर्यंत नाव नीट राहील.

कागदांबद्दल: शाळा सोडल्याचा दाखला मूळ जमा करून घेतात, तो परत मिळत नाही. त्याच्या आधी चार रंगीत झेरॉक्स आणि एक चांगला स्कॅन काढून ठेव. पुढे पासपोर्टला, जातीच्या पडताळणीला तो पुन्हा पुन्हा लागतो. मार्कशीट मूळ फक्त दाखवायची आणि परत घ्यायची. कुणी ठेवून घ्यायला लागलं तर विनयाने पोच माग. बाकी बारावीचं बोर्ड सर्टिफिकेट, विद्यापीठाच्या प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणीची प्रिंट, फीची पावती, आठ पासपोर्ट फोटो (मागे पेन्सिलीने नाव लिही, शाई दुसऱ्या फोटोला लागते), आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, प्रत्येकीवर स्वतःची सही आणि तारीख. हेच स्वयंसाक्षांकन, त्यासाठी कुणा अधिकाऱ्याच्या मागे जायला नको. सीबीएसई किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, तुला नाही.

---

प्रयोगशाळा_तिसरा_मजला

वरचं सगळं बरोबर. मी विषयांबद्दल लिहितो, कारण मुलं तिथेच घाई करतात.

नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. ती सगळी तुझ्या मुख्य विषयाची नसतात. मुख्य विषयाबरोबर ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, आणि एनएसएस-एनसीसीसारखा सहअभ्यासक्रम असे तुकडे असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. हे गणित लक्षात ठेव, कारण दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक दोन क्रेडिटच्या व्याख्यानांपेक्षा दुप्पट वेळ बसवतं.

ओपन इलेक्टिव्ह तुझ्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. विज्ञानाच्या मुलीला वाणिज्य किंवा कला शाखेतला. प्रत्येक विषयाला जागा ठरलेल्या असतात आणि नोंद बहुधा गुगल फॉर्मवर, आधी येईल त्याला आधी. म्हणून 'सोपा कुठला' एवढंच न विचारता तीन गोष्टी बघ. पहिली, त्याचा तास कधी आहे. ओपन इलेक्टिव्हला तिन्ही शाखांची मुलं एकत्र बसतात, म्हणून त्याचा तास सगळ्यांना सोयीच्या समाईक वेळेत घालतात. ती वेळ कधी सकाळी सर्वांत आधी असते, कधी सर्वांत शेवटी. तुझी गाडी सव्वापाचची असेल तर पाचला संपणारा तास वर्षभर तुझ्या जिवावर येईल. दुसरी, मूल्यमापन कसं आहे: लेखी किती, प्रकल्प किती. बऱ्याच विषयांना ६० टक्के लेखी आणि ४० टक्के अंतर्गत असतं, पण काही कौशल्य विषयांत सगळं प्रात्यक्षिकावर आहे. तिसरी, तो विषय पुढच्या सत्रात चालू राहतो की सुटतो.

मायनरचा विचार जास्त गंभीरपणे कर. मायनर म्हणजे पुढच्या वर्षांत सोबत येणारा दुसरा विषय. रसायन मुख्य असेल आणि एम.एस्सी. किंवा औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलकडे जायचं मनात असेल तर वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांतलं जे तिथे असेल ते जुळतं. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीत काम बघायचं तर ही जोडी उपयोगी. गणित आवडत असेल तर भौतिक-गणित सोडू नकोस. मात्र बारावीला गणित नसेल तर काही जोड्या तुला उघडणारच नाहीत, हे विभागाच्या भेटीत पहिल्याच दिवशी विचार.

उद्बोधनात विभागाची जी स्वतंत्र बैठक असते, तीच खरी कामाची. तिथे तीन कागद माग किंवा मोबाईलवर फोटो काढ: सत्राची क्रेडिट विभागणी, कच्चं वेळापत्रक, आणि प्रात्यक्षिकांच्या बॅचेसची यादी. मुलं सभागृहातल्या भाषणांचे फोटो काढतात आणि हे तीन कागद सोडतात.

बॅचचं खास सांगतो. बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं दुपारी असतात आणि बॅचेस आडनावाच्या अक्षरावरून किंवा रोल नंबरवरून पाडतात. लांबून येणाऱ्या मुलीने पहिल्या आठवड्यातच विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज द्यावा: गाव अमुक, परतीची शेवटची थेट गाडी सव्वापाचला, म्हणून लवकर संपणारी बॅच मिळावी. अर्जाला एसटीच्या वेळापत्रकाचा फोटो जोड. पहिल्या आठवड्यात बॅच बदलणं म्हणजे यादीत दोन नावांची अदलाबदल. जर्नल (प्रात्यक्षिकाची वही) सुरू झाल्यावर, उपकरणं वाटल्यावर कुणी हात लावत नाही.

---

वस्तीची_गाडी

एसटीचं मी सांगतो.

विद्यार्थी मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा. त्याला महाविद्यालयाच्या सही-शिक्क्याचा अर्ज लागतो, म्हणून उद्बोधनाच्या दिवसांत पास हातात नसणारच. मुलीला त्याची चिंता नाही: महिला म्हणून कुठल्याही गाडीत अर्धं तिकीट. ओळखीसाठी आधार जवळ ठेव. बारावीपर्यंत मुलींना जो मोफत पास मिळत होता तो पदवीला चालत नाही, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं आणि पहिल्या दिवशी वाहकाशी उगाच वाद होतो. तुलना सोपी आहे: रोज जाणार असशील तर पास, आठवड्यातून दोन-तीन दिवसच जाणार असशील तर अर्धं तिकीट स्वस्त पडू शकतं. एका बाजूच्या पूर्ण भाड्यावर कागदावर हिशोब करून बघ.

पासाचा अर्ज उद्बोधनाच्या पहिल्याच दिवशी कार्यालयातून घे. महामंडळाने पास थेट शाळा-महाविद्यालयात द्यायला सुरुवात केली आहे. तुझ्या महाविद्यालयाने यादी आगाराला पाठवली आहे का ते विचार. पाठवली असेल तर आगारात रांग लावायला नको. अर्जावर थांब्याचं नाव नीट लिही. 'आडिवरे' लिहिलंस आणि तू पुढच्या वाडीच्या फाट्यावर उतरतेस, तर तेवढ्याचं वेगळं तिकीट लागेल.

सकाळी वस्तीच्या गाडीनेच ये, दुसऱ्या गाडीवर विसंबू नकोस. वस्तीची गाडी रात्री गावातच असते, त्यामुळे ती सुटते हे नक्की. नंतरची गाडी रत्नागिरीहून येऊन परत फिरणारी असते. पावसात घाटीत झाड पडलं, मोरीवरून पाणी गेलं की ती येतच नाही आणि ते कळायला तासभर जातो. साडेनऊच्या कार्यक्रमाला साडेआठला पोचलीस तर बसायला जागा आणि कागद पुसायला वेळ मिळेल.

परतीला सव्वापाचची चुकली तर काय, हे आधीच ठरव. पावसपर्यंतच्या गाड्या जास्त असतात, पण पावसला उतरून पुढे संध्याकाळी काही मिळेल या भरवशावर निघू नकोस. रत्नागिरीत कुणी नातेवाईक असतील तर आईला आधीच सांगून ठेवू दे. पहिल्या दिवशी कार्यक्रम लांबतोच. पावणेपाचला उठून जायचं असेल तर मागच्या बाजूला, दाराजवळ बस आणि सकाळीच संयोजक शिक्षकांना सांग की गाडी आहे. कोकणातल्या कुठल्याही शिक्षकाला हे कारण पुरतं.

---

आडिवरे_ते_रत्नागिरी

सगळ्यांचे खूप आभार. बॅचचा अर्ज सुचलाच नसता. अजून दोन गोष्टी. एक ताई म्हणाल्या की विषय नंतर बदलता येतात, पहिले दहा-पंधरा दिवस चालतं. मग पहिल्या दिवशी काहीतरी भरून टाकलं तर चालेल का? आणि पावसाचा रेड अलर्ट आला तर उद्बोधन रद्द होतं का?

---

खिडकी_क्रमांक_२

'काहीतरी भरून टाकू' हे नको. बदल करायला सूचनाफलकावर एक मुदत लावतात, हे खरं. पण मुदत असली तरी दुसऱ्या विषयात जागा शिल्लक असावी लागते, आणि चांगल्या वेळेचे विषय पहिल्याच दिवशी भरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विद्यापीठाकडे नावनोंदणीची माहिती गेली की विषयाचा कोड परीक्षा अर्जात तसाच येतो. वर्गात एका विषयाला बसलेली आणि परीक्षा अर्जात दुसराच विषय छापलेली मुलं दरवर्षी निघतात. म्हणून बदल केलास तर तोंडी नको. अर्ज, त्यावर दोन्ही विषयांच्या शिक्षकांच्या सह्या, आणि एक प्रत तुझ्याकडे पोच म्हणून. परीक्षा अर्ज भरताना त्या प्रतीवरून विषयाचे कोड ताडून बघायचे.

शिष्यवृत्तीचंही याच आठवड्यात विचारून घे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्याचा चालत नाही. तुझा तालुका राजापूर, तेव्हा सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून आत्ताच अर्ज टाक. प्रवेशाच्या दिवसांत गर्दी असते. बँक खात्याचं नीट समजून घे: खात्याला आधार 'लिंक' असणं आणि सरकारी पैसे येण्यासाठी 'सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासबुकात आधार नोंदलेला असतो, तरी पैसे येत नाहीत, कारण सीडिंग दुसऱ्याच जुन्या खात्याला असतं, बहुतेक वेळा शाळेत गणवेशाच्या पैशासाठी उघडलेल्या. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्थिती दिसते. तिथे ज्या बँकेचं नाव येईल तिथेच पैसे जाणार. ते खातं बंद पडलं असेल तर चालू करून घे किंवा नवीन बँकेत सीडिंगचा फॉर्म दे.

२०२४-२५ पासूनची मुलींची १०० टक्के शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.एस्सी.ला ती आहेच असं धरून चालू नकोस. तुझ्या प्रवर्गाला आणि अभ्यासक्रमाला कुठली योजना लागते ते शिष्यवृत्तीच्या लिपिकाला विचार आणि महाडीबीटीवर तेच नाव निवड. चुकीची योजना किंवा चुकीचा अभ्यासक्रम निवडला तर अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला दिसतच नाही, आणि मुलांना वाटतं की कार्यालय पुढे पाठवत नाहीये.

---

वस्तीची_गाडी

अलर्टचं: सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, बहुधा आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री, कधी पहाटे. आदेशात 'शाळा व महाविद्यालये' दोन्ही आहेत का ते वाच. कधी नुसत्या शाळांना असते. आणि तारीख बघ, कारण मागच्या वर्षीचा आदेश व्हॉट्सॲपवर दर जुलैत फिरतो. राजापूरला सुट्टी आणि रत्नागिरी तालुक्याला नाही असंही होऊ शकतं. तेव्हा तुझ्या गावचा रस्ता बंद असेल तर फोटो काढून विभागाच्या शिक्षकांना पाठव, म्हणजे गैरहजेरीचं कारण नोंदवलं जाईल.

अलर्ट नसला तरी कागद भिजतात. छत्रीचं पाणी पाठीवरच्या सॅकमध्येच गळतं. मूळ कागद प्लॅस्टिकच्या बटणाच्या फोल्डरमध्ये, तो फोल्डर साध्या पिशवीत गाठ मारून, आणि मग सॅकमध्ये. झेरॉक्स वेगळ्या फोल्डरमध्ये, म्हणजे रांगेत मूळ कागद बाहेर काढावे लागत नाहीत. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नकोस, त्यावर शिक्का मारता येत नाही. जेल पेन नको, बॉलपेन घे. ओल्या हाताने जेल पसरतं. आणि एक सुका रुमाल जास्तीचा.

---

लोणेरे_यंत्र

हा धागा अभियांत्रिकीला जाणारेही वाचतील म्हणून थोडं लिहितो. तिथे उद्बोधन तीन दिवसांचं नसतं. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) तीन आठवड्यांचा प्रेरण कार्यक्रम ठरवलेला आहे, त्यात मानवी मूल्यांचे तास, व्यायाम, कला, जवळच्या ठिकाणांच्या भेटी असं सगळं येतं. प्रत्यक्षात प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की तो आखडतो. शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्यांचा काही भाग हुकतोच, आणि पुढे गणिताचे तास लगेच सुरू होतात. अशा वेळी पहिलं काम म्हणजे हुकलेल्या दिवसांच्या नोंदी कुणाकडे आहेत ते विचारणं, आणि वर्कशॉपसाठी लागणारा एप्रन, बूट, ड्रॉइंगचं साहित्य यांची यादी घेणं. साहित्य यादी येण्याआधी विकत घेऊ नका. ड्रॉइंग शीटचा आकार आणि मिनी ड्राफ्टर लागतो की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात वसतिगृह मिळालेल्यांनी पहिल्या दिवशीच खोलीतल्या पंखा, पलंग, खिडकीच्या काचा यांची स्थिती कागदावर लिहून रेक्टरची सही घ्यावी. वर्षाअखेरी अनामत रक्कम त्यावरच अवलंबून असते.

---

वाचनालय_कोपरा

राहिलेलं लिहिते. रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं, विद्यार्थ्याचं आणि पालकांचंही, आणि दरवर्षी नव्याने. भरल्यावर ईमेलवर संदर्भ क्रमांक येतो, तो महाविद्यालयाला द्यायचा. ईमेल स्वतःचा दे, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढे विद्यापीठाचे पासवर्डही त्यावरच येतात. मदतवाहिनी १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू, मोफत. यूजीसीचे नियम २००९ चे आहेत आणि महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा त्याहून जुना, १९९९ चा. 'ओळख करून घेऊ' म्हणून वरच्या वर्गातल्यांनी गाणं म्हणायला लावणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर जबरदस्तीने घेणं आणि तिथे छळणं, हेही त्यात येतं. उद्बोधनात रॅगिंगविरोधी समितीच्या आणि अंतर्गत तक्रार समितीच्या (लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी) सदस्यांची नावं सांगतात, ती लिहून घे. तुझ्या आईलाही लिहून घेऊ दे.

एनएसएसला वर्षाला १२० तास काम आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचं निवासी शिबिर. दोन वर्षं पूर्ण केली तर प्रमाणपत्र. शिबिर सहसा पावसाळा संपल्यावर असतं. रोज दीड तास प्रवास करणाऱ्या मुलीला एनसीसीची सकाळची परेड झेपेल का, ते गाडीच्या वेळेवर बघून ठरव. तिसरा पर्याय आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचा आहे, त्यातले प्रकल्प गावात बसून करता येतात. लांबून येणाऱ्यांना तो सोयीचा पडतो आणि फार कमी मुलं त्याची चौकशी करतात.

वाचनालयाच्या फेरीत कार्डाबरोबर एन-लिस्टचं लॉगिन मिळतं का ते विचार. त्यावर पुस्तकं आणि नियतकालिकं घरून मोबाईलवर वाचता येतात. जर्नलसाठी संदर्भ शोधताना त्याचा खरा उपयोग. पाठ्यपुस्तकांचे संच गरजू मुलांना सत्रभरासाठी देतात, पण अर्ज पहिल्या पंधरवड्यातच घेतात.

हजेरीची अट ७५ टक्के आहे. गौरी-गणपतीची सुट्टी महाविद्यालय देतं, पण गावी त्याला जोडून आणखी चार-सहा दिवस जातात, आणि पावसाचे दिवस वेगळेच. हिशोब महिन्याला कर, सत्राच्या शेवटी नको. आईला पहिल्या दिवशी दुपारी दीडपर्यंत मोकळं करतात. पालकांची बैठक सकाळीच होते. तिने दुपारच्या गाडीने परत जायचं की तुझ्यासाठी थांबायचं, तेवढं घरून निघतानाच ठरवा.